किलोला दहा

पहाटे ४:५०

आक्काच्या घरात पहिला आवाज परातीचा. बाजरीचं पीठ, कोमट पाणी आणि तळहाताचे रट्टे. आठ भाकरी होतात. चार शिदोरीला, चार घरी सासूला दोन वेळच्या. कोपऱ्यात गॅसची टाकी आहे, पण भाकरीला ती पेटवायची नाही, हा घरचा कायदा. चुलीत जळतेय ती गेल्या सालची पऱ्हाटी. म्हणजे कपाशीचीच वाळलेली झाडं. चटकन पेटतात, चटकन विझतात. सारखं सारायला लागतं.

दिवाळी झाली तसे मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले. दोघांच्या कोयत्यावर मुकादमाची उचल घेतलेली आहे, ती मार्चपर्यंत फिटेल. नातू आजीकडं. गल्लीत अकरा घरं, त्यातल्या सहांना कुलूप. राहिलेल्या घरांत म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि आक्कासारख्या पन्नाशीच्या बाया. कापूस या बायांच्याच हातानं घरात येतो.

ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. पाच लिटरची पाण्याची कॅन. जुनी ओढणी. मुलाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, साडीवरून घालायला. आणि दहा रुपयांची चिकटपट्टी. ती कशाला, ते पुढं कळेल.

सकाळी ६:२०

मारुतीच्या पारापाशी पिकअप उभी. नऊ बाया, एक नातू, वर मी. आज रविवार, शाळा नाही.

पिकअपचे माणशी वीस रुपये. दहा मालक देतो, दहा बाई देते. टोळी आक्काची. फोन तिला येतो, बाया ती जमवते. त्याचे तिला मालकाकडून बाईमागं पाच रुपये मिळतात. स्वतःला सोडून आठ बायांचे चाळीस. पहिल्या वेच्याला दर किलोला आठ होता. हा दुसरा वेचा, दर दहा. बोंडं कमी झाली की हात जास्त चालवावा लागतो, म्हणून दर चढतो. हिशेब सरळ आहे, तरी दर वेचणीला तो नव्यानं भांडावा लागतो.

पाटोदा तालुका बालाघाटाच्या डोंगरात. मांजरा नदी इथंच उगम पावते आणि पाणी घेऊन दुसऱ्यांच्या रानात जाते. इथली जमीन बरीचशी हलकी, मुरमाड. कापूस, तूर, बाजरी, उडीद, आणि विहिरीला पाणी असेल त्याचा कांदा.

७:०५

शेत अडीच एकराचं. मालक बांधावर उभा. बाया उतरल्या की पहिलं वाक्य त्याचंच.

“आक्का, दव उतरू द्या.”

पानांवर, बोंडांवर दव आहे. ओला कापूस वजनाला जास्त भरतो. मजुरी किलोवर, म्हणजे दवाचेही पैसे मालकाला मोजावे लागणार. आणि ओला माल गोणीत घातला की तापतो, पिवळा पडतो. मालकाचं खरं आहे. पण बसलेल्या तासाचे पैसे कुणी देत नाही, हेही खरं.

“मंग गाडी आठला लावायची व्हती,” एक जण पुटपुटते. पिकअपवाल्याची पुढची खेप साडेसातला असते, म्हणून गाडी सहा वाजता.

बाया बसतात. मिश्री लावतात. कुणी फोनवर लेकीशी बोलते. लांबून मोर ओरडतो. नायगावचं मयूर अभयारण्य याच तालुक्यात आहे, १९९४ पासूनचं. मोरांना अभयारण्याची हद्द कुणी दाखवलेली नाही, ते रानारानांतून हिंडतात.

आक्का चिकटपट्टी काढते. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली दोन बोटं नखाच्या कडेनं गुंडाळून घेते. उमललेलं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. त्यांना नख्या म्हणतात. दिवसभरात त्या हजारो वेळा बोटांना लागतात. हातमोजे घालून पाहिले होते, पण त्यांना कापूस चिकटतो, हात मंद होतो. मंद हात म्हणजे कमी किलो.

८:२०

सुरुवात.

कमरेला ओढणी बांधून पुढं ओटी केलेली. एका बाईला दोन ओळी, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही हात वेगवेगळ्या झाडांवर चालतात. पाचही बोटं एकदम बोंडात जातात, चारी पाकळ्यांमधला कापूस एका ओढीत बाहेर येतो. ओढ जोरात बसली तर सुकं पानही येतं आणि काडीकचऱ्याला मालक बोलतो. हळू ओढलं तर बुडाशी कापूस राहतो, त्यालाही मालक बोलतो.

मीही दोन ओळी धरल्या. आक्काच्या ओटीचं पोट सुटलं तेव्हा माझ्या ओटीत मूठ-दोन मुठी. बायांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

एका बोंडात साधारण चार-पाच ग्रॅम कापूस निघतो, सरकीसकट. म्हणजे किलोला दोनशे ते अडीचशे बोंडं. दहा रुपयांना एवढी. एका बोंडाला चार-पाच पैसे. या हिशेबाचं आक्काला सोयरसुतक नाही. तिचा हिशेब ओटीचा आहे. भरलेली ओटी तीन-साडेतीन किलो, अशा तेरा-चौदा झाल्या की दिवस चांगला.

९:४५

पश्चिमेच्या बांधाकडचा कोपरा आला तशी बायांची रांग वाकडी झाली. तिथं जायला कुणी तयार नाही.

त्या कोपऱ्यातली झाडं वेगळी दिसतात. कपाशीचं पान रुंद असतं. इथली पानं अरुंद, चिरलेली, बोटांसारखी लांब, शिरा एकमेकींना खेटून. भेंडीचं पान वाटावं. झाडं उंच, पण बोंडं तुरळक. ज्या बाईच्या ओळी तिथं जातील तिचे किलो बुडाले.

“टू-फोर-डी,” मालक म्हणतो. शब्द त्याच्या तोंडात इतका बसलाय की तो मराठीच वाटतो.

टू-फोर-डी हे रुंद पानाच्या तणाला मारणारं तणनाशक. ऊस, ज्वारी, मका यांच्यात चालतं. कपाशीला अजिबात चालत नाही. शेजारच्या फवारणीचा वारा आला तरी पुरतो. त्याच पंपानं, तो नीट न धुता, दुसरं औषध मारलं तरी पुरतं. इथं पंप मागून आणलेला. कुणाचा, हे मालक सांगत नाही. रोज तोंडं बघायची असतात.

आक्का वाद मिटवते. तो कोपरा सगळ्यांनी मिळून शेवटी वेचायचा, वजन वाटून घ्यायचं.

११:१०

ऊन आता पाठीवर. दव गेलं, पण पान कुरकुरीत झालंय, कचरा चिकटतो. बाया बोलत नाहीत. झाडाची खसखस तेवढी ऐकू येते.

मालकाचा पुतण्या मोटारसायकलवर चहा घेऊन आला. बी.एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या कॉलेजात. चहा दिला, कप गोळा केले आणि जाताना सवयीनं एका शेंड्यावरचं फूल तोडलं. नोव्हेंबरातही या बीटी वाणांना वर चार-दोन फुलं येत राहतात. एक फूल दुधी पांढरं, आजचं. शेजारचं गुलाबी, कालचं. फूल सकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग गळतं. हे आक्कालाही माहीत आहे. तिला माहीत नव्हतं ते त्यानं नखानं दाखवलं. पांढऱ्या फुलाच्या बुडाचं हिरवं बोंडकं उभं चिरलं. आत मोत्यांसारखे ओले दाणे.

“आक्का, ह्या दाण्याच्या सालीवर आजच कापूस सुरू झालाय.”

“दिसंना की.”

“दिसायचा न्हाई. बारीक आहे.”

बरोबर सांगत होता. फूल उमलतं त्याच दिवशी त्या होऊ घातलेल्या सरकीच्या सालीवरच्या पेशींपैकी साधारण पाव हिस्सा फुगून वर येतात. बाकीच्या आहेत तशाच राहतात. फुगलेली प्रत्येक पेशी म्हणजे एक धागा. धागा म्हणजे अनेक पेशींची दोरी नव्हे. एकच पेशी, जी तीनेक आठवडे नुसती लांबत जाते. जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी, लांबी अठ्ठावीस-तीस मिलिमीटर. लांबायचं थांबलं की ती आतून सेल्युलोजचे थर चढवते आणि मरते. पन्नासेक दिवसांनी बोंड फुटतं, पेशी वाळते, चपटी होते, पीळ खाते. त्या पिळामुळंच सूत कातता येतं. एका सरकीवर असे दहा हजारांहून जास्त धागे.

आक्कानं फुलाकडं बघितलं. “एक बोंड कमी केलंस ना रं,” म्हणाली आणि ओळीला लागली.

१२:४०

बाभळीच्या सावलीत जेवण. शेतात ही एकच बाभूळ. सावली बारा माणसांना पुरत नाही, पाय उन्हात.

भाकरी, ठेचा, कुणाच्या डब्यात मेथी. फडकी मध्ये एकत्र होतात. आक्काची टोळी टिकते ती बरीचशी या अर्ध्या तासामुळं. पुतण्या परत आलाय, त्याला भाकरी दिली जाते. तो लाजत नाही.

मी त्याला त्या कोपऱ्याचं विचारलं. पान भेंडीसारखं का होतं?

तो आधी शेंड्यापासून सुरू करतो. कपाशी नव्वद-शंभर दिवसांची झाली की शेंडा खुडतात. ऑगस्ट-सप्टेंबरचं काम, तेही बायांचंच. शेंडा खुडला की झाड उंच जायचं थांबतं, बगलेतल्या फांद्या जोर धरतात. का? शेंड्याच्या कोवळ्या भागात ऑक्झिन नावाचं संप्रेरक बनतं. ते खोडातून खाली उतरतं आणि बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला, वरून येणारं ऑक्झिन थांबलं, डोळे सुटले.

“पर ते खालीच का जातं? वर का न्हाई?” हा प्रश्न आक्काचा. मला सुचला नव्हता.

पुतण्या भाकरी खाली ठेवतो. “तुमी रात्री दारं धरता का न्हाई, तसं.”

दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं. सरीचं दार फोडायचं, एक वाफा भरला की ते बुजवायचं, पुढचं फोडायचं. मोटारीचं पाणी तेच. कुठल्या वाफ्याला किती, ते खोऱ्या हातात असलेला ठरवतो. पेशीच्या पातळ पडद्यात अशीच दारं असतात. पिन नावाची प्रथिनं. ती पेशीच्या सगळ्या बाजूंना सारखी नसतात, एका बाजूला गोळा होतात. ऑक्झिन त्या बाजूनंच बाहेर पडतं, पुढच्या पेशीत शिरतं, तिथूनही त्याच बाजूनं. म्हणून त्याला दिशा येते. ही प्रथिनं बनवायचं काम पिन नावाच्या जनुकांचं. दुसरी काही प्रथिनं ऑक्झिन आत घेणारी असतात.

टू-फोर-डी हे माणसानं बनवलेलं ऑक्झिनसारखं रसायन. आत घेणारी दारं त्याला सहज घेतात. बाहेर काढणारी दारं नीट काढत नाहीत. झाडाला ते लवकर मोडताही येत नाही. ते पेशीत तुंबतं आणि वाढीचा सगळा हिशेब बिघडवतं. पान रुंद व्हायचं विसरतं.

“आणि पातेगळीला जे मारतो ते?” मालकानं लांबूनच विचारलं. तो जेवायला बसला नव्हता, पण ऐकत होता.

ते एनएए. दुकानात प्लॅनोफिक्स म्हणून मिळतं. तेही ऑक्झिनच्याच जातीचं, पण मात्रा अगदी थोडी, पंपाला काही मिली. पातं, म्हणजे कपाशीची कळी, किंवा कोवळं बोंड झाडाला धरून राहतं, कारण त्याच्याकडून देठातून खोडाकडं ऑक्झिन वाहत असतं. पाऊस लागून राहिला, मुळाशी पाणी तुंबलं, ऊन मिळालं नाही, की हा प्रवाह मंदावतो. देठाच्या बुडाशी तोडायची जागा तयार होते आणि पातं गळतं. चांगल्या सालातही कपाशी निम्म्याहून जास्त पाती-बोंडं गाळते. यंदा, २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानं तर बांधांची माती सोडली नाही. मालकानं एनएए दोनदा मारलं. थोडी पाती राहिली. मात्रा जास्त झाली असती तर उलट गळ वाढली असती.

मालक गप्प. मग म्हणाला, “म्हंजे वाचवायलाही तेच, मारायलाही तेच.”

पुतण्यानं खांदे उडवले. हे वाक्य परीक्षेत येत नाही.

१:३०

जेवण संपलं, पण बाया पाच मिनिटं आडव्या. मी पुतण्याला सोडलं नाही.

मला कापसाचं जाणून घ्यायचं होतं. सालीवरच्या पाव हिस्सा पेशीच का फुगतात? कुणी ठरवलं?

तिथंही हेच ऑक्झिन. १९७३-७४ मध्ये कॅलिफोर्नियात बीझली आणि टिंग या दोघांनी कपाशीचे कोवळे दाणे काचेच्या भांड्यात द्रवावर वाढवले. फलन न झालेल्या दाण्यांना नुसतं साखरपाणी दिलं तर धागा आला नाही. ऑक्झिन आणि जिबरेलिन घातलं तेव्हा आला. पुढं चीनच्या चोंगचिंगमधल्या साउथवेस्ट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सालीच्या पेशींमध्येच जास्त ऑक्झिन बनेल असं जनुक कपाशीत घातलं. २०११ मध्ये त्यांनी छापलं की चार सालांच्या शेतातल्या चाचण्यांत रुई पंधरा टक्क्यांहून जास्त वाढली, आणि धागा जाड न होता बारीक झाला. २०१७ मध्ये त्याच गटानं आणखी दाखवलं, की फुगणाऱ्या पेशीत साठणारं ऑक्झिन मुख्यतः तिथं बनत नाही. ते दाण्याच्या बाहेरून वाहून येतं. आणणारी दारं पिनचीच. कपाशीत पिन जनुकं बरीच आहेत, त्यातलं पिन-३ए नावाचं या कामात पुढं. ही जनुकं दाबली की फुगणाऱ्या पेशी कमी होतात, धागा आखूड राहतो. २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढं आली. सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक जास्त झालं तर पिन-३एची मांडणी बिघडते, ऑक्झिन सगळ्या पेशींना सारखं मिळतं आणि धागा धरत नाही.

सगळ्यांना सारखं मिळालं की कुणाचाच धागा होत नाही. पुतण्यानं हे वाक्य सहज टाकलं. मला ते पटकन गिळता आलं नाही. पण ते झाडाबद्दल आहे, तिथंच ठेवते.

“मग हे बी आपल्याकडं कधी?”

“मॅडम, आपल्याकडं २००२ ला बीटी आलं. त्यानंतर शेतकऱ्याच्या हातात नवं जनुक काय आलं, ते काकांना विचारा.” २००६ मध्ये बीटीचीच दोन जनुकांची आवृत्ती आली. तीच पिशवी २०२५ ला ९०१ रुपयांना होती. अडीच एकराला मालकाला पाच लागल्या, दोन ठिकाणी तुटाळ झाली म्हणून आणखी एक.

आक्का उठली. “चला गं.”

२:१५

दिवसातला वाईट वेळ हाच. ऊन मागून लागतं, खालची बोंडं वाकून वेचायची. कपाशीत कमरेतून सरळ उभं राहून वेचता येईल असा मधला पट्टा थोडाच असतो. आक्का वाकते, तिरकी होते, एका गुडघ्यावर जाते. बोटावरची पट्टी सुटली. ती दातानं तोडून नवी लावते. अंगठ्याच्या कडेला रक्ताचा ठिपका. कापसाला लागू नये म्हणून साडीला पुसते. कापसावर डाग दिसला तर मालक विचारेल, साडीला कुणी विचारत नाही.

पाण्याची कॅन बांधावर. ओळ संपल्याशिवाय पाणी प्यायला जायचं नाही, नाहीतर परत यायला शंभर पावलं. सगळ्या बाया कमी पाणी पितात. दुसरं कारण त्या पुरुषांसमोर सांगत नाहीत. सपाट रानात आडोसा नाही.

नातू बाभळीखाली फोनवर कार्टून बघतोय. आवाज मोठा. कुणी कमी करायला सांगत नाही, तेवढीच करमणूक.

३:२०

खालच्या फांद्यांची बोंडं काळी. सप्टेंबरच्या पावसात ती अर्धी फुटलेली होती, आत पाणी गेलं, कुजली. काही बोंडं फुटतच नाहीत, दगडासारखी. एक फोडलं तर आत गुलाबी अळी. बीटीला ती आता दाद देत नाही. एका कप्प्यात शिरते, सरकी खाते, त्या कप्प्याचा कापूस पिवळट, आकसलेला. त्याला कवडी म्हणतात. कवडी वेगळ्या पिशवीत. तिचा दर मजुरीत तोच, बाजारात निम्म्याहून कमी. म्हणून मालक म्हणतो, कवडी सोडा. आक्का म्हणते, सोडली तर अळी रानातच राहील आणि पुढच्या साली आम्हाला कापूसच वेचायला नसेल.

शास्त्र आक्काच्या बाजूचं आहे. कृषी विभागही हेच सांगतो, पऱ्हाटी वेळेत काढा, फरदड, म्हणजे हंगामानंतरचं पीक, ठेवू नका. पण फरदडीत दोन क्विंटल निघाला तर दुकानदाराची उधारी फिटते, आणि उधारी डिसेंबरात मागतात.

आक्काच्या सासूला गावरान कापूस आठवतो. तेव्हाची बोंडं लहान, वेचायला वेळ लागे, पण अळीचं असं नव्हतं, म्हणते. त्या देशी कपाशीवर परभणी आणि नांदेडच्या केंद्रांत काम झालं, लांब धाग्याचे देशी वाणही निघाले. नांदेडच्याच एनएचएच-४४ या संकरित वाणानं बीटीच्या आधी मराठवाड्याची रानं भरली होती. सासूला नावं माहीत नाहीत. तिच्या लेखी कापूस दोनच, आपला आणि पिशवीचा.

४:३५

वेचणी थांबली. कोपऱ्यातल्या भेंडी-पानांच्या ओळी सगळ्यांनी मिळून उरकल्या. अख्ख्या कोपऱ्यात नऊ किलो निघाला. बाईला एक.

आता वजन. बांधावर लाकडी तिकाटणं, त्याला इलेक्ट्रॉनिक काटा लटकवलेला. पूर्वी स्प्रिंगचा असायचा, त्यावर भांडणं व्हायची. आता आकडा लाल दिसतो, तरी आक्का आधी काटा रिकामा दाखवायला लावते. शून्य बघते. मग पहिलं गाठोडं.

“एकतीस सहाशे.” 

“गाठोड्याचं वजन?”

“दोनशे सोडतो.”

“चादर हाये ती, दोनशेला कुठं येती. शंभर.”

दीडशेवर तुटतं. नऊ बाया, नऊ वेळा हाच संवाद, शब्दही तेच. मालकाचा पुतण्या वहीत लिहितो. आक्का लिहीत नाही, पण संध्याकाळी नऊच्या नऊ आकडे तिच्या तोंडी असतात. सगळ्यात जास्त त्रेपन्न किलो, एका तरुण बाईचे, जिचा नवरा यंदा तोडीला गेला नाही, पाठ मोडल्यामुळं. सगळ्यात कमी एकतीस, सत्तरीतल्या मावशीचे. आक्काचे सेहेचाळीस. एकूण तीनशे चौऱ्याऐंशी. माझ्या ओटीतलं आक्कानं मावशीच्या गाठोड्यात टाकलं.

मजुरी ३,८४० रुपये. मिळणार गुरुवारी.

५:३०

मालकाच्या हातात कापसाचे पैसे मात्र आजच येणार, कारण व्यापाऱ्याचा टेम्पो वाटेवर उभा आहे. खेडा खरेदी. टेम्पोत त्याचाच काटा, त्याचीच माणसं. तो गोणीत कोपरापर्यंत हात घालतो, तळातला कापूस वर काढतो. ओल बघतो. चिमूटभर कापूस घेऊन सरकीपासून धागा ओढतो, दोन्ही चिमटींत धरून ताणतो, लांबी डोळ्यांनी मोजतो. सहा-सात सेकंद. तीन आठवडे लांबलेल्या पेशीची परीक्षा एवढ्यात होते.

“सहा हजार आठशे.”

२०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. तो सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर. त्याला ॲपवर नोंदणी, सातबारावर कपाशीची नोंद, मग तारीख. ओलावा आठ टक्के असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, बाराच्या वर माल परत. केंद्र लांब. गाडीभाडं, हमाली, आणि रांगेत रात्र काढावी लागली तर तो खर्च. चार क्विंटलसाठी गाडी परवडत नाही. वीस क्विंटल साठवायला कोरडी खोली लागते. खोलीत यंदा सोयाबीन आहे, भिजलेलं.

मालक दर वाढवून मागतो. व्यापारी ऑगस्टात आयात शुल्क काढल्याचं सांगतो, बाहेरून गाठी येतायत म्हणतो. मालकानं ते बातम्यांत ऐकलेलं आहेच. क्विंटलला एक किलो कडता कापून तीनशे ऐंशी किलोचे २५,८४० रुपये. रोख. नोटा व्यापाऱ्याच्या पुतण्यानं मोजल्या, मालकाच्या पुतण्यानं परत मोजल्या.

धाग्याची लांबी यंत्रावर जिनिंगला मोजतील, जाडीही, म्हणजे मायक्रोनेअर. तो आकडा या शेतापर्यंत परत येत नाही. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, उरलेली सरकी. तिचं तेल, तिची पेंड. आक्का तीच पेंड पाटोद्यातून किलोनं आणते, दारातल्या शेळीला.

६:५०

अंधार. पिकअपमध्ये कुणी बोलत नाही. आक्काच्या केसांत, शर्टाच्या काजात कापसाचे धागे. नातू तिच्या मांडीवर झोपलाय.

घरी आल्यावर आधी शेळी, मग सासू, मग चूल. सकाळच्या भाकरी संपल्यात, चार नव्या. हाताला खोबरेल, बोटांच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून सोडवायच्या. कोरड्या ओढल्या तर कातडी येते.

आजचा हिशेब ती बोटांवर करते. चारशे साठ मजुरी, चाळीस टोळीचे, दहा गाडीला, दहा पट्टीला. चारशे ऐंशी. उद्या सोमवार, फायनान्सवाल्या बाईचा हप्ता, सहाशे वीस. तो गेल्या आठवड्याच्या पैशातून बाजूला काढलेला आहे, डब्यात, तांदळाखाली. नवा चष्मा पुढं ढकललाय.

८:१०

फोन. आधी सुनेचा, फडावरून. आवाज तुटतोय. आज दोन टन झाला, म्हणते, पोराला दे. नातू झोपेत हूं हूं करतो.

मग मालकाचा. तिसऱ्या वेच्याला कधी येता?

“दहा-बारा दिसांनी फुटंल. पर आता बारानं.”

पलीकडून लांबलचक काहीतरी. भाव, पाऊस, अळी, फवारणी.

“भाऊ, ते समदं खरं. बोंडं कमी हायेत, एका किलोला तीनशे झाडं हिंडावी लागत्यात.”

पुन्हा पलीकडून.

“अकरा न्हाई. बारा. आन् गाडीचे वीसच्या वीस तुमच्याकडं.”

शांतता. आक्का फोन दुसऱ्या कानाला लावते, मोकळ्या हातानं तव्यावरची भाकरी उलटते.

“मंग राहू द्या. पुढच्या हप्त्यात कांद्याची लावण निघालीय, उक्तं बोलणं चाललंय. तुमी सकाळपतोर सांगा, बायांना मला सहाच्या आत कळवावं लागतं.”